डाव्या पुडीची कणीक

श्रीरामपूर
२५ नोव्हेंबर १९९८

चिमाजीराव,

रामकृष्ण हरी. आता तुम्ही नेहमीसारखं "जयभीम, राव" म्हणा, म्हणजे पुढचं लिहितो. आपली ही उलटी रीत इथे कोणाला सांगितली तर हसतात. माळकऱ्यानं जयभीम घालायचा आणि मी रामकृष्ण हरी, हे त्यांना समजत नाही.

बदली होऊन इथे आलो त्याला सहा महिने होत आले. ऑफिस मोठं आहे, कालवे जुने आहेत, माणसं बरी आहेत. पण मंचरला तुम्ही कालव्याची चौकीदारी उरकून सायकलवर यायचात आणि माझ्या टेबलावर बोटांनी ठेका धरायचात, तसं इथे कोणी करत नाही.

पुण्याच्या डिसेंबरच्या कार्यक्रमाची जाहिरात पेपरात आली आहे. शनिवारी दुपारी धृपद आहे, साथीला पखवाज. रविवारी दक्षिणेकडचं गाणं, त्यात ते मडकं वाजवणारेही आहेत. मागच्या खेपेला तुम्ही घरी जाऊन रांजण वाजवून बघतो म्हणाला होतात, त्याचं काय झालं ते भेटल्यावर सांगा. मी नेहमीप्रमाणे शिवाजीनगर स्टँडवर रसवंतीपाशी थांबतो. भाकरी तुमच्या घरची, चटणी आमच्या कल्याणीच्या हातची.

जूनपासून तुमचं पत्र नाही. लिहायचा कंटाळा, मला माहीत आहे. एक कार्ड टाका, "येतो" एवढंच लिहा. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
कपिल रोकडे


लोणी, ता. आंबेगाव
४ डिसेंबर १९९८

श्री. कपिल रोकडे यांस,

नमस्कार. तुमचं पत्र पोहोचलं. ह्यांच्या नावाचं होतं, मी उघडलं.

हे भाद्रपदात गेले. एकादशीचं भजन करून देवळातून आले आणि छातीत दुखतंय म्हणाले. मी ओवा आणि गरम पाणी दिलं. पहाटे जीप मिळाली. मंचरला पोहोचेपर्यंत संपलं होतं. तुम्हाला कळवायला हवं होतं, पण तुमचा नवा पत्ता माझ्याजवळ नव्हता. ऑफिसातून कोणी कळवलं असेल असं धरून चालले.

रांजणाचं विचारलंत. वाजवला होता. पाणी अर्धं होतं. भरल्यावर कसा वाजतो ते बघायचं म्हणून मला पुन्हा पाणी आणायला लावलं होतं.

पुण्याला जाताना मी भाकरी बांधून द्यायचे ती दोघांपुरती असायची. ती तुमच्यासाठी, एवढं मला माहीत होतं.

मला पत्र लिहायची सवय नाही. बालवाडीचे रिपोर्ट लिहिते तेवढंच. चुकलं असेल तर समजून घ्या.

द्रौपदा चिमाजी वाळुंज


श्रीरामपूर
२० डिसेंबर १९९८

द्रौपदावहिनी यांस,

पत्र ऑफिसात मिळालं. काय लिहावं ते सुचेना म्हणून इतके दिवस गेले.

पुण्याला जावं की नाही ते ठरत नव्हतं. कल्याणी म्हणाली, "जाऊन या. आत्ता नाही गेलात तर पुन्हा कधीच जाणार नाही." म्हणून गेलो. रसवंतीपाशी उगीच थोडा वेळ थांबलो. मंडपात सतरंजीवर आमची एक ठरलेली जागा आहे, डावीकडच्या खांबाला टेकून. तिथे बसलो. एका गृहस्थांनी विचारलं, "इथे कोणी आहे का?" मी म्हटलं, आहे. पखवाज सुरू झाला तेव्हा ते गृहस्थ अजून उभेच होते, मग मी सरकून त्यांना जागा दिली.

आम्ही पहिल्यांदा गेलो ते साल एक्क्याण्णव. तिकीट मला एकानं दिलं होतं आणि सोबत कोणी नव्हतं, म्हणून मी चिमाजीरावांना ओढून नेलं. आम्हा दोघांनाही त्यातलं काही कळत नव्हतं. मी भीमगीतं म्हणणारा, ते भजनातले. गवई अर्धा तास नुसते आलाप घेत होते. चिमाजीराव माझ्या कानात म्हणाले, "अजून सूरच लावत्यात का? पेटीवाल्याला सांगावं का?" मी हसू दाबलं. थोड्या वेळानं मी काही बोलायला गेलो तर त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, "आता बोलू नका." कार्यक्रम संपेपर्यंत ते मनगट त्यांच्याच हातात होतं. सोडायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

त्यानंतर आम्ही एक वर्षही चुकवलं नाही.

तुमचं दुःख मोठं आहे. माझं त्याच्यापुढे मांडत नाही.

कपिल रोकडे


लोणी
१८ जानेवारी १९९९

कपिलभाऊ यांस,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मनगटाचं वाचून बरं वाटलं.

हे पुण्याहून आले की मी विचारायचे, कसं झालं. हे म्हणायचे, "चांगलं झालं." तेवढंच. मग सायकल पुसत बसायचे. मी पुढे विचारलं नाही. ह्यांना विचारलं की उलट जास्त गप्प होतात, हे मला लग्नानंतर लवकरच कळलं होतं. पण तिथे हे काय ऐकत होते, ते आता मला जाणून घ्यायचं आहे. तुम्हाला वेळ असेल तसं लिहा.

मी स्वतः कधी समोर बसून गाणं ऐकलेलं नाही. आमच्या घरासमोर देऊळ. भजन तिकडे आणि मी इकडे चुलीपाशी. माझं काम कणकेचं. पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे त्या बाजूच्या कातड्याला, ओली कणीक थापतात, त्यानं आवाज खाली उतरतो आणि भरतो, हे तुम्हाला माहीत असेल. हे देवळाकडे निघताना हात पुढे करायचे आणि म्हणायचे, "गोळा दे." मी मळून ठेवलेला असायचा. आमचं बोलणं तेवढंच व्हायचं.

चैत्रात हनुमान जयंतीचा सप्ता असतो. टाळकऱ्यांतले गेणूभावजी परवा आले होते. म्हणाले, "वहिनी, पखवाज द्या की. नायतर परगावाहून मागून आणावा लागंल, आन् ते काय बरं दिसत न्हाई." मी म्हटलं, वर्ष झालेलं नाही, दुखवट्याच्या घरातून वाद्य बाहेर जाऊ नये. ते उठून गेले. पुन्हा येतील.

एक विचारायचं होतं. बरीच वर्षं झाली, सासूबाई होत्या तेव्हाची गोष्ट. तुम्ही एकदा आमच्याकडे आला होतात आणि चहा न घेता गेलात. पुन्हा कधी आला नाहीत. मला वाटायचं, ऑफिसातला माणूस, आमचं घर आवडलं नसेल. तसं होतं का?

द्रौपदा


श्रीरामपूर
५ फेब्रुवारी १९९९

वहिनी,

तुम्ही विचारलंत म्हणून आठवेल तसं लिहितो.

पुण्याला कॅम्पात एका चर्चच्या हॉलमध्ये चार परदेशी माणसं व्हायोलिनं वाजवणार होती, एकाचं तर माणसाएवढं होतं. आम्ही गेलो. एक तुकडा वाजवून ती थांबली आणि चिमाजीरावांनी टाळ्या वाजवल्या. हॉलमध्ये टाळ्या एकट्या त्यांच्या. पुढच्या बाई वळून बघायला लागल्या. नंतर कळलं, त्यांच्यात सगळं संपल्यावरच वाजवतात. बाहेर आल्यावर मी चेष्टा केली तर म्हणाले, "थांबली म्हणून वाजवल्या, राव. आवडलं ते उद्यापतूर कुठं ठेवायचं?" पण स्टँडपर्यंत ते त्यातली एक ओळ गुणगुणत होते आणि सायकलची घंटी वाजवल्यासारखी बोटं हलवत होते.

एकदा उरुसात कव्वाली ऐकली. तिथे टाळ्यांचा ठेका होता आणि तो त्यांनी लगेच धरला. शेजारच्या म्हाताऱ्या मौलवींनी त्यांच्या माळेकडे बघून सरकून जागा दिली.

आणि हे तुम्हाला माहीत नसेल. दर चौदा एप्रिलला मंचरला आमच्या पेठेत जलसा असतो. चिमाजीराव येत. मागे कोरसात बसत, ढोलकी कोणी दिली तर वाजवत. गाण्यातले शब्द त्यांना पाठ होते. घरी ते काय सांगून निघत ते मला माहीत नाही, मी विचारलं नाही.

त्यांना कुठलंही नवीन वाद्य दिसलं की आधी ते कशाचं बनलंय ते बघायचे, मग डोळे मिटायचे. घरी आल्यावर ते फक्त "चांगलं झालं" म्हणायचे, हे वाचून मला नवल वाटलं. एसटीत माझ्याशी मात्र उतरेपर्यंत बोलत असायचे.

तुमच्याकडे आलो होतो त्या दिवशी मी घाईत होतो. दुसरं काही नाही.

सप्त्याबद्दल माझं मत विचारलं नाहीत, तरी लिहितो. वाद्य वाजलं म्हणून दुःख बाटत नाही. तुम्ही शिकलेल्या आहात. वर्ष पाळायचं म्हणून पखवाज खुंटीला टांगून ठेवणं चिमाजीरावांना आवडलं नसतं. गेणूंना देऊन टाका.

कपिल


लोणी
१५ मार्च १९९९

कपिलभाऊ यांस,

महिना उलटला तरी मी उत्तर दिलं नाही. राग आला होता. ह्यांना काय आवडलं असतं ते मला कोणी सांगावं, हे मला सोसलं नाही. आता राग गेला आहे. जलशाचं लिहिलंत ते बरं केलंत. त्या दिवशी हे मला "बेअरिंग आणायला चाललो" म्हणायचे. सायकलला इतक्या बेअरिंगा कशा लागतात, असं मला वाटायचं.

वर्षाचं कारण मी गेणूभावजींना सांगितलं आणि तुम्हालाही तेच लिहिलं. खरं कारण ते नाही.

भजन झालं की हे त्याच दिवशी पुडीवरची कणीक ओल्या फडक्यानं काढायचे आणि गाईपुढे ठेवायचे. त्यात कधी चुकले नाहीत. त्या एकादशीला छातीत दुखत होतं म्हणून पखवाज तसाच गवसणीत घातला आणि म्हणाले, "सकाळी काढतो."

तेरावं झाल्यावर मी गवसणी सोडली. कणीक तशीच होती, वाळून दगड झालेली. तिच्यात ह्यांच्या चार बोटांच्या खुणा आहेत. थापताना दाबलेल्या. करंगळीचं पेर थोडं वाकडं होतं, तेसुद्धा दिसतं. सदरे काय, सगळ्यांचे सारखेच असतात. फोटो आहे तो आमच्या लेकीच्या, आरतीच्या लग्नातला, त्यात हे मागच्या रांगेत आहेत. ह्यांच्या हाताचं म्हणावं असं दुसरं काही घरात राहिलं नाही.

गेणूभावजी पखवाज नेतील, तर पहिलं काम कणीक खरवडायचं करतील. ते मी त्यांना कसं सांगू? आरती जुन्नरहून आली होती, तिलाही मी दाखवलेलं नाही. सप्ता येत्या आठवड्यात बसतो. मी रोज फडकं ओलं करते आणि पिळून वाळत घालते.

आणि तुम्ही घाईत होतात हे मला पटलं नाही. घाईतला माणूस चपला काढून ओट्यावर बसत नाही. तुम्ही बसला होतात, मी दारातून पाहिलं होतं.

द्रौपदा


श्रीरामपूर
१९ मार्च १९९९

वहिनी,

माझं चुकलं. न समजता लिहिलं.

आधी चहाचं. तुम्ही आत होतात. चहा तुमच्या सासूबाई घेऊन आल्या. कप बाहेरच्या कोनाड्यातला होता. तो कोणासाठी ठेवलेला असतो हे मलाही माहीत आणि चिमाजीरावांनाही. त्यांनी माझ्या हातातला कप काढून घेतला आणि स्वतः तो चहा पिऊन टाकला. आई बघत राहिल्या. मग ते मला म्हणाले, "चला, फाट्यापर्यंत येतो." त्यानंतर त्यांनी मला घरी बोलावलं नाही, तेच माझ्याकडे येत राहिले. मी तुम्हाला खोटं लिहिलं, कारण ती माणसं आता नाहीत आणि तुम्हाला अजून एक ओझं कशाला, असं वाटलं.

पुण्याच्या त्या मंडपात आमचा खांब होता. तिथे आम्ही एका सतरंजीवर एका फडक्यातली भाकरी खायचो आणि आमच्याकडे कोणी बघायचंही नाही. मी गाण्यासाठी जात होतो हे खरं, पण त्या सतरंजीसाठीही जात होतो. त्यांचंही तसंच असावं.

आता कणकेचं. हे मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं, पण इतकी लहान गोष्ट पत्रात काय लिहायची, असं वाटलं. त्र्याण्णव साली पहिल्यांदा आम्ही धृपदाला पखवाज ऐकला. पखवाजी मोठे होते. त्यांनी डबीतून कणीक काढून डाव्या पुडीला थापली, तेव्हा चिमाजीराव ताठ बसले. एवढ्या मोठ्या माणसाचीही रीत आपल्यासारखीच, याचं त्यांना केवढं वाटलं. पखवाज सुरू झाला. सगळे माना डोलवत होते. चिमाजीराव जरा वेळ ऐकून माझ्याकडे वाकले. त्यांचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात.

"कणीक जरा कोरडी हाय, राव. आमच्या द्रौपदाच्या हातची असती तर लई भरून आला असता. ती चुलीम्होरं बसून सांगती, कणीक ओली का कोरडी. मी हितं येऊन बसलोय, पर खरा कान घरी राह्यलाय."

मी म्हटलं, मग पुढच्या वर्षी वहिनींना आणा. ते म्हणाले, "आनायचंय." दर वर्षी म्हणायचे.

एक गोष्ट त्यांनीच मला शिकवली होती, ती लिहितो. वाळलेली कणीक पुडीतली ओल ओढून घेते. कातडं ताठतं, किडा लागतो आणि मग पुडी कायमची जाते. तुम्ही काढाच, असं मी म्हणत नाही. पुडी गेली तरी पखवाज तुमचा आहे आणि ठेवायचा की नाही ते तुमच्या हातात आहे.

कपिल


लोणी
४ एप्रिल १९९९

कपिलभाऊ,

जयभीम.

तुमचं पत्र सप्ता बसायच्या आदल्या दिवशी आलं. वाचून घडी घातली आणि गाईला पाणी दाखवून आले. मग पखवाज खाली घेतला.

कणकेच्या कडेला बारीक किडा लागलेला होता. आधी मला तो दिसला नव्हता, कारण मी फक्त खुणाच बघत होते. फडकं ओलं करून वर ठेवलं आणि शेजारी बसून राहिले. कणीक हळूहळू मऊ झाली. आधी करंगळीची खूण गेली, मग बाकीच्या. काढताना माझीच बोटं तिच्यात रुतली. हे नेहमी गाईपुढे ठेवायचे म्हणून मीही तिथेच नेली. तिनं हुंगली आणि खाल्ली.

कातडं एका बाजूला ताठलं आहे, पण तडकलं नाही. गेणूभावजींनी बघून सांगितलं, अजून दोन-चार वर्षं काढील.

संध्याकाळी ते पखवाज न्यायला आले. मी गोळा मळून ठेवला होता. ते बघून घुटमळले. म्हणाले, "वहिनी, कणीक यंदा दुसऱ्या घरून घेतो. तुमाला म्हाईतीय, लोकं काय म्हंत्यात ते." शेजारच्या कुशाबाई दारात उभ्या होत्या, त्यांनीही मान हलवली. वर्षाच्या आतलं विधवेच्या हातचं सप्त्याला चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. वर्षाची सबब मीच आधी पुढे केली होती, म्हणून मी वाद घातला नाही. मी म्हटलं, "भावजी, आवाज बिघडला तर उद्या दुसरीकडून घ्या." त्यांनी हात पुढे केला.

मी घरी थांबले नाही. चूल तशीच ठेवून देवळात गेले आणि बायकांच्या पुढच्या ओळीत बसले. इतक्या वर्षांत तिथे मी कधी बसले नव्हते. कुशाबाई म्हणाल्या, "तू इकडं कशी गं?" मी म्हटलं, ऐकायला.

गेणूभावजींनी डाव्या पुडीवर पहिली थाप मारली. समोर बसलं की तो आवाज आधी छातीत लागतो आणि मग कानात येतो. चुलीपाशी तसं होत नाही. तिथे भिंतीतून गाळून येतो. मला वाटलं होतं, मी सगळी वर्षं ऐकलं आहे. मी फक्त कणीक ऐकत होते. टाळ एका वेळी उठतात आणि एका वेळी थांबतात, मधे सगळे श्वास घेतात, हे मला माहीतच नव्हतं. मला रडू येईल अशी भीती होती. ते आलं नाही. मांडी दुखायला लागली तरी उठावंसं वाटलं नाही. माझं बोट गुडघ्यावर चालत होतं ते मला नंतर कळलं.

कणीक जरा ओली झाली होती. फार दिवसांनी मळली, त्यामुळे अंदाज चुकला. दुसऱ्या अभंगाला गेणूभावजींनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन बोटांनी चिमूट दाखवली. त्यांनी तेवढी काढली आणि आवाज भरला. सातही दिवस गोळा आमच्याच घरून गेला.

डिसेंबरला खांबापाशी माझी जागा धरा. भाकरी मी आणते, आता तिघांची, कल्याणीताईंनाही घेऊन या. त्याआधी चौदा तारखेला तुम्ही पेठेत असालच. तिथून आमच्याकडे या. कोनाड्यात मी पणत्या ठेवते. चहा चुलीपाशी बसून घ्यायचा.

पहिल्या दिवशी देवळातून परत येताना कुशाबाईंनी विचारलं, "कसं झालं गं?"

मी म्हटलं, चांगलं झालं. तेवढंच.

द्रौपदा